मोठ्या चाकांचा मोह

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

माझे वडील शिवडीला टायरच्या कारखान्यात होते. हे बंदर रोडवरचा तो फायरस्टोनचा कारखाना. पुढे त्याचं नाव बॉम्बे टायर्स झालं, मग मोदीस्टोन झालं आणि शेवटी तो बंद झाला. परळच्या आमच्या चाळीतली निम्मीअधिक माणसं गिरणीत जायची, वडील मात्र शिवडीच्या वाटेला लागायचे. गिरणीतून परतलेल्या माणसाच्या केसांत कापसाचे तंतू असत, वडिलांच्या कपड्यांना रबराचा वास असे. रस्त्यात एखादा ट्रक उभा दिसला की ते हमखास थांबत. टायरच्या कडेवरची अक्षरं बोटानं पुसून वाचत आणि म्हणत, "सगळं इथं लिहिलेलं असतं. वाचणारा पाहिजे." आम्हा मुलांना त्याचा कंटाळा यायचा.

हे आज आठवायचं कारण आमची पिकअप. आमचा धंदा मंडप आणि डेकोरेशनच्या सामानाची ने-आण करण्याचा. बांबू, ताडपत्री, खुर्च्या, दिव्यांच्या माळा, लग्नाचा मोसम संपला की दादरच्या बाजाराची भाडी आणि श्रावण लागला की गणपती. लालबाग-परळच्या कारखान्यांतून मूर्ती उचलायच्या आणि गिरगाव-खेतवाडीपासून दादरपर्यंत मंडपांत पोचवायच्या. या सगळ्यासाठी घरात एकच गाडी, 2008 सालची पिकअप. तिच्यावर दोन कुटुंबं जेवत होती. 2016 साली मी स्टेअरिंग पुतण्याच्या हाती दिलं आणि हिशेबाची वही माझ्याकडे ठेवली.

2018 च्या मे महिन्यात पुतण्या म्हणाला, "काका, गाडीला मोठी चाकं लावू या." मी विचारलं, कशाला? त्याच्याकडे कारणं तयार होती. "हिंदमाताला पाणी तुंबलं की आपण अडकतो. गाडी उंच झाली की प्रश्न मिटला. खड्डे लागणार नाहीत. वजन जास्त घेता येईल. आणि दिसतेही भारी." शेवटचं कारण त्यानं हळूच सांगितलं, पण खरं कारण तेच होतं हे मला कळत होतं. तरुण माणसाला आपली गाडी चार गाड्यांत उठून दिसावी असं वाटलं तर त्यात गैर काही नाही. मी "बघ बाबा" म्हणालो आणि वहीत डोकं घातलं. वडील असते तर ते आधी टायर वाचायला बसले असते. मी ते केलं नाही. त्यातून जे घडलं आणि त्यानंतर जे शिकलो, ते आज सांगणार आहे.

कडेवरची अक्षरं

आमच्या गाडीच्या मूळ टायरवर लिहिलं होतं : 195/80 R15, त्यापुढे 106/104 आणि 8 पीआर. ही अक्षरं कळली की निम्मं काम झालं, म्हणून एकेक घेऊ.

195 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या 80 टक्के. म्हणजे 156 मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं नांदतात, म्हणूनच गिऱ्हाईक गोंधळतं.

आता उभ्या चाकाची उंची काढू. वर एक भिंत, खाली एक भिंत, म्हणजे 156 ची दुप्पट 312. मधली रिम 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर. बेरीज 693. ही झाली आमच्या चाकाची उंची. कुठलाही नवा टायर घ्यायचा विचार आला की कागदावर आधी हे गणित करा. पाच मिनिटंही लागत नाहीत.

पुतण्यानं जे टायर पसंत केले ते परदेशी पद्धतीच्या मापाचे होते : 31 गुणिले 10.5 आर 15. यात पहिला आकडा चाकाची उंची, दुसरा रुंदी, दोन्ही इंचांत. 31 इंच म्हणजे 787 मिलिमीटर. आमच्या चाकापेक्षा 94 मिलिमीटर जास्त, जवळजवळ साडेतेरा टक्के. ऐकायला जोरदार वाटतं. पण गाडी किती उंच होणार? चाक वाढतं ते मध्याच्या वर निम्मं आणि खाली निम्मं. गाडी उचलली जाते ती फक्त खालच्या निम्म्यानं. म्हणजे 47 मिलिमीटर, पुरते दोन इंचही नाही. हिंदमाताला पाणी गुडघ्याला लागतं तिथं हे दोन इंच काय करणार? गाडी पुढे सरकते तेव्हा तिच्यासमोर पाण्याची लाटही उठते, ती या दोन इंचांहून मोठी असते. पाण्यात इंजिन बंद पडतं ते हवा ओढणाऱ्या तोंडातून पाणी आत गेलं की. ते तोंड बॉनेटखाली जिथं होतं, तिथंच राहतं. अलीकडच्या वर्षांत महापालिकेनं त्या भागातल्या मैदानांखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या आहेत, पण तुंबलेल्या पाण्यावर गाडीवाल्याचा खरा उपाय एकच : थांबणं, नाहीतर दुसऱ्या रस्त्यानं जाणं.

मोठी रिम म्हणजे मोठं चाक नव्हे

दुसरा एक गैरसमज. 15 ची रिम काढून 16 ची लावली की गाडी उंच होते असं पुष्कळांना वाटतं. 16 इंची रिमवर 215/65 चा टायर चढवला तर गणित असं येतं : 215 चे 65 टक्के म्हणजे सुमारे 140, त्याची दुप्पट 280, अधिक रिमचे 406. बेरीज 686. म्हणजे रिम मोठी झाली आणि चाक उलट 7 मिलिमीटरनं लहान झालं! वाढली ती फक्त लोखंडाची किंवा अलॉयची चकचकीत तबकडी, आणि कमी झाली ती रबराची भिंत. 156 ची 140 वर आली. मुंबईच्या खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा मधली उशी ही भिंतच असते. ती जितकी बारीक, तितका रिमला मार जास्त. लोखंडी रिम वाकली तर बऱ्याच वेळा ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की गेला. ओझं वाहणाऱ्या गाडीला उंच भिंतीचा टायर देतात तो उगाच नव्हे.

मोठा टायर, कमी वजन

आता सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. मापाच्या पुढे जो 106/104 लिहिलेला होता, तो वजनाचा. हा आकडा म्हणजे किलो नव्हेत, तो कोष्टकातला क्रमांक आहे. 100 म्हणजे 800 किलो, 104 म्हणजे 900, 105 म्हणजे 925, 106 म्हणजे 950. दोन आकडे असतील तर पहिला एका बाजूला एकच चाक असताना, दुसरा ट्रकसारखी जोडचाकं असताना. आमच्या पिकअपला मागे एकेकच चाक. म्हणजे एका टायरची ताकद 950 किलो आणि मागच्या दोघांची मिळून 1,900.

एसयूव्ही गाड्यांसाठी 235/75 आर 15 असा टायर मिळतो. त्याची उंची 733 मिलिमीटर, रुंदी आमच्यापेक्षा 40 मिलिमीटरनं जास्त. दिसायला दांडगा. त्याच्यावर बहुधा 105 लिहिलेलं असतं. म्हणजे एका टायरला 925, दोघांना 1,850. टायर मोठा झाला आणि ताकद 50 किलोनं कमी झाली! एवढ्यावर भागत नाही. तो टायर प्रवासी गाडीसाठी बनवलेला. तो मालवाहू गाडीला लावायचा तर त्याच्यावरचं वजन 1.1 नं भागून धरावं, असा अमेरिकेतल्या टायर उद्योगाचा दंडक आहे. म्हणजे 925 चे 840 उरले. दोन चाकांमागे दोनशेहून अधिक किलोंची तूट. बांबू आणि लोखंडी कमानी भरलेल्या गाडीत ही तूट कोण भरून काढणार?

यात हवेचाही भाग आहे. आमच्या मूळ टायरची 950 किलोंची ताकद 65 पौंड हवेवरची होती. '8 पीआर' म्हणजे त्या टायरचं अंग तेवढा दाब सोसेल असं घडवलेलं होतं. एसयूव्हीचा टायर त्याची ताकद 36 पौंडांच्या आसपास देतो. पंपावरचा पोरगा पिकअप पाहिली की सवयीनं 60-65 पौंड मारतो. कमाल हवा किती, हे टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. त्याच्या पलीकडे जाणं म्हणजे फुग्याशी खेळणं. उलट भरलेल्या गाडीत हवा कमी असेल तर टायरची भिंत सतत दुमडते, तापते आणि उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर फुटते. म्हणून मालवाहू गाडीला टायर घेताना 'एलटी' किंवा 'सी' अशी खूण आणि वजनाचा आकडा आधी पाहावा. तो मूळ टायरपेक्षा एकानंही कमी चालणार नाही.

रिम कशी मोजायची

टायर बसतो रिमवर आणि रिम बसते हबवर. दोन्ही ठिकाणी मापं जुळावी लागतात. आमची मूळ रिम साडेपाच इंच रुंदीची. 235 च्या टायरला किमान 6 इंच रुंद रिम लागते आणि 31 इंची टायरला किमान 7. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो चढतो, पण मधोमध फुगीर राहतो. मधली नक्षी लवकर झिजते आणि वळणावर गाडी डुलते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पूर्वी ट्यूबवाले टायर सर्रास असत आणि त्यांच्या रिमही तशाच. ट्यूबलेस टायरसाठी रिमच्या आतल्या कडेला एक उंचवटा असतो, तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. तो नसलेल्या जुन्या रिमवर ट्यूबलेस टायर विनाट्यूब लावणं धोक्याचं. तसंच, ज्यांना आपण नायलॉन टायर म्हणतो ते जुन्या बांधणीचे टायर आणि रेडियल टायर एकाच ॲक्सलवर, एक इकडे एक तिकडे, कधीही लावू नयेत. दोघांची चाल वेगळी असते.

मग स्टड. पाच स्टड आहेत म्हणून कुठलीही पाच भोकांची रिम बसते असं नाही. स्टड ज्या वर्तुळावर असतात त्या वर्तुळाचा व्यास जुळावा लागतो, त्याला पीसीडी म्हणतात. पाच स्टड असतील तर शेजारशेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि 1.7 नं गुणा. अंतर 82 मिलिमीटर आलं तर पीसीडी साधारण 139.7, म्हणजे साडेपाच इंच. जुन्या विलीज जीपचं माप हेच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत इथं आपल्या शेजारी माझगावला ज्या जीप जोडायला सुरुवात झाली, त्या या घराण्यातल्या. रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसतं का तेही पाहायचं. आणि नटाचं तोंड. लोखंडी रिमचे नट अलॉयला लावायचे नाहीत. कोनाचं तोंड, सपाट तोंड, लांबी, सगळ्यांत फरक असतो. नवी चाकं लावल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे.

शेवटचं आणि सर्वांत दुर्लक्षित माप म्हणजे ऑफसेट. हबवर टेकणारी रिमची पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते हे माप. ऑफसेट बदलला की चाक बाहेर सरकतं. 'मडगार्डच्या बाहेर चाक' हीच तर खरी हौस! पण चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर ताण वाढतो. पहारीचं टोक लांब धरावं तसा. स्टेअरिंग जड होतं, खड्ड्यात हातातून ओढलं जातं. कुणी जुन्या रिमखाली स्पेसर घालून हेच साधतात. ओझ्याच्या गाडीला ते नकोच.

खेतवाडीच्या तोंडाशी

पुतण्यानं एका ओळखीच्याकडून जुन्या 31 इंची टायरांचा जोडीच्या रिमसकट संच घेतला. पस्तीस हजार गेले. टायरांवर वजनाचा आकडा 109 होता, म्हणजे 1,030 किलो. त्या बाबतीत चूक नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. जूनमध्ये चाकं लागली. पुढचं मडगार्ड आतून थोडं ठोकून वळवलं. गाडी खरंच रुबाबदार दिसू लागली. मीही दोनदा मागे वळून पाहिलं.

हळूहळू एकेक गोष्ट कळू लागली. चाक साडेतेरा टक्के मोठं, म्हणून काटा 60 वर असताना गाडी 68 नं धावायची. दहा हजार किलोमीटर दाखवले की प्रत्यक्षात अकरा हजार तीनशेच्या वर झालेले. तेलबदल उशिरा, मायलेजचा हिशेब चुकीचा. माझ्या वहीत डिझेलचा आकडा वाढला, त्यातला काही खरा आणि काही मीटरचा. इंजिनाचा जोर तेवढाच, पण लांब पल्ल्याच्या चाकावर तो सुमारे बारा टक्क्यांनी कमी पडायचा. भरलेली गाडी पुलाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत चढायची. आणि जे चढताना, तेच थांबताना. ब्रेक मूळचेच, मोठ्या, जड चाकाला थांबवायला त्यांना जास्त जोर लागतो. पावसात रिकामी गाडी असली की मागची बाजू हलकी, त्यात रुंद टायर. रुंद टायर साचलेल्या पाण्यावरून लवकर तरंगू लागतो. दादरला एकदा सिग्नलला गाडी झेब्रा पट्ट्यांवर जाऊन थांबली. "ओला रस्ता होता, काका," पुतण्या म्हणाला. मी मान्य केलं.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. त्या वर्षी गणपती 13 सप्टेंबरला होते. परळच्या एका कारखान्यातून खेतवाडीसाठी पाच फुटी मूर्ती घेतली. कारागिरानं बांबूची चौकट बांधून दिली, मंडळाची चार मुलं मागे मूर्तीला धरून बसली, मी पुढे. गल्लीच्या तोंडाशी वळण घट्ट. पुतण्यानं स्टेअरिंग पूर्ण कापलं आणि पुढून 'खर्रर्र' असा आवाज आला. त्यानं गाडी थांबवली, थोडी मागे घेतली, पुन्हा कापलं. पुन्हा तोच आवाज. उतार किंचितसा होता. तो म्हणाला, "काका, ब्रेक नरम लागतोय." मी खाली उतरून चाकामागे दगड लावला आणि वाकून पाहिलं. टायरची खांद्याची नक्षी पुढच्या ब्रेकच्या होजपाइपला घासत होती. रिकाम्या गाडीत, सरळ चाकावर तिथं बोटभर जागा होती. भरलेल्या गाडीत, पाटे दबल्यावर, पूर्ण वळणावर ती जागा उरत नव्हती. तीन महिने ती नळी झिजत आली होती. बाहेरचं रबर जाऊन आतले दोरे दिसत होते आणि त्यांतून ब्रेक ऑइल पाझरत होतं.

मागे मूर्ती, मूर्तीला धरलेली चार मुलं आणि समोर रविवारच्या संध्याकाळी माणसांनी भरलेली गल्ली. मुलांनी मूर्ती हातावर घेऊन शेवटचा टप्पा चालत नेली. मूर्तीला ओरखडाही नाही. मंडळाचे अध्यक्ष उलट म्हणाले, बाप्पाला पायीच यायचं होतं. आम्ही हसलो, पण घरी येईपर्यंत पुतण्या आणि मी एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी जुनी चाकं परत लागली. होजपाइप चारही नवे घातले. त्यानं एकच विचारलं, "काका, तुम्हाला हे माहीत होतं?" मला माहीत नव्हतं, पण विचारायचं कुणाला, पाहायचं कुठं, हे माहीत होतं. वडिलांनी लहानपणीच दाखवलं होतं. म्हणून त्या पस्तीस हजारांत मी माझाही निम्मा वाटा धरला आणि वहीत तसं लिहिलं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की दरवर्षी फिटनेस; ताडदेवच्या आरटीओत गाडी उभी केली की निरीक्षकाची नजर आधी चाकांवर जाते. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारणार. म्हणून सुरक्षित वाट एकच : गाडीच्या पुस्तिकेत किंवा दारावरच्या पट्टीवर कंपनीनं जी मापं दिली आहेत, त्यांतलंच घ्यायचं. पुष्कळदा एकाच गाडीला दोन-तीन मापं मंजूर असतात, आणि 'मोठं' हवं असेल तर त्यातलं मोठं घ्यायला कुणाची ना नाही.

आम्ही शेवटी तेच केलं. त्याच पिकअपच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी 215/75 आर 15 हे माप देत होती. गणित केलं : 215 चे 75 टक्के 161, दुप्पट साडेतीनशेच्या आत, म्हणजे 322, अधिक 381, बेरीज 703. मूळ चाकापेक्षा फक्त 10 मिलिमीटर जास्त, दीड टक्का. मीटरमध्ये फरक जवळजवळ नाही. आमच्या साडेपाच इंची रिमवर ते माप बसतं. 'एलटी', 8 पीआर, वजनाचा आकडा 106, म्हणजे तेच 950 किलो. टायर दोन सेंटीमीटर रुंद झाला, जमिनीवर पकड बरी झाली आणि पुतण्याच्या डोळ्यांना गाडी थोडी भरल्यासारखी दिसली. दुकानातून निघण्याआधी आम्ही आयएसआयची खूण पाहिली आणि चार आकडी तारीखही. 3218 लिहिलं असेल तर 2018 सालचा 32 वा आठवडा. स्वस्तात मिळणारा नवाकोरा टायर पाच वर्षं गोदामात पडलेला असू शकतो, तो नवा नव्हे.

मग एक परीक्षा घेतली, ती मात्र सगळ्यांनी जरूर घ्यावी. गाडीत नेहमीचं पूर्ण वजन भरलं, स्टेअरिंग एका टोकाला नेलं, उतरून टॉर्चनं पाहिलं. दुसऱ्या टोकाला नेलं, पुन्हा पाहिलं. मडगार्ड, पाटे, ब्रेकची नळी, सगळीकडे निदान बोटभर जागा हवी. नंतर अलाइनमेंट, बॅलन्सिंग. आणि स्टेपनीही त्याच मापाची घेतली. पाचवा टायर वाचवून चार मोठे लावणारे पुष्कळ आहेत. रात्री माहीमच्या रस्त्यावर पंक्चर झाल्यावर त्यांना स्टेपनी आठवते.

टायर झिजायला आला की नक्षीच्या खाचांत लहान आडव्या पट्ट्या वर येतात. त्या नक्षीच्या पातळीला लागल्या की 1.6 मिलिमीटर उरलं असं समजायचं. चारचाकीला कायद्याची मर्यादा तीच. पावसाळ्यात मी तिथवर थांबत नाही. गोटा झालेला मोठा टायर कितीही रुबाबदार असला तरी ओल्या रस्त्यावर तो नक्षीदार लहान टायरची बरोबरी करू शकत नाही.

2023 साली त्या पिकअपला पंधरा वर्षं झाली आणि आम्ही तिला निरोप दिला. नवी गाडी घेताना पुतण्यानं विक्रेत्याला रंग विचारायच्या आधी टायर वाचला. वजनाचा आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला. परवा लालबागला गाडी उभी होती, तेव्हा शेजारच्या टेम्पोवाल्या मुलानं त्याला विचारलं, "दादा, मोठी चाकं टाकायचीत, कुठं मिळतील?" पुतण्यानं ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांचा पत्ता आधी सांगितला नाही. खाली बसला, बोटानं टायरवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "आधी हे वाच."